पाण्याला "नको" म्हणणारे भावजी आणि ताईची पेडल कयाक: एक पूर्ण प्रकरण

हे प्रकरण माझ्या ताईचं आणि भावजींचं आहे. दोघांना विचारूनच लिहितोय, भावजींनी वाचून एकदोन दुरुस्त्यापण सांगितल्यात. विषय म्हटलं तर छोटासाच, ताईला पेडल कयाकवरून (पायाने चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून) गळाने मासे गरवायचं जबरदस्त वेड आणि भावजींना त्यात काडीचा रस नाही. पण अशी जोडपी मी इथे बरीच बघितलीत, एकाचा छंद आणि दुसऱ्याचं "तू जा, मी आहे घरी", आणि छंद पाण्यावरचा असला की हा प्रश्न रुसव्याफुगव्यापुरता राहत नाही. खुल्या खाडीत एकट्याने कयाक घेऊन जाणं धोक्याचं आहे, कितीही सवय असली तरी. ताई तशी जात होती आणि मला त्याची खरंच काळजी वाटायची.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही अलिबागच्या बाजूचे, खाडीकाठचे, गळ टाकणं आम्हाला कोणी शिकवलं नाही, ते आपोआप आलं. भावजी सोलापूरचे, माळकरी घर, मासे खाणं सोडाच पण पोहणंसुद्धा कधी शिकले नाहीत. नोकरीमुळे दोघं अमेरिकेत फ्लोरिडात आले, सेंट पीटर्सबर्गला, टँपा बे नावाच्या मोठ्या खाडीच्या काठावर, मीही त्याच भागात असतो. तिथे ताईला स्नूक नावाचा मासा भेटला. ज्यांनी रायगडचा जिताडा बघितलाय त्यांना स्नूक बघितल्या बघितल्या ओळखीचा वाटेल, तसाच पुढे आलेला खालचा जबडा, तशीच तिवरांच्या मुळाशी दबा धरून बसायची सवय, आणि दोन्ही माशांचं एक विशेष म्हणजे ते आधी नर असतात, वाढले की मादी होतात. स्नूकच्या अंगावर शेपटीपर्यंत एक ठळक काळी रेघ असते एवढं वेगळेपण. ताईला तो मासा दिसला आणि माहेर सापडल्यासारखं झालं, मग रॉड आले, रील आलं, आणि शेवटी पेडलवाली कयाक आली.

पेडलवाली का, ते सांगायला हवं कारण पुढे सगळं त्यावरच आहे. साध्या कयाकमध्ये दोन्ही हात वल्ह्यात अडकतात, मासा लागला की वल्हं ठेवायचं, तोवर वाऱ्याने होडी भलतीकडे गेलेली असते. पेडल कयाकमध्ये पायाने चालवायचं, डाव्या हाताला सुकाणूची छोटी मूठ, हात मोकळे. यात मुख्य दोन जाती. होबी कंपनीने १९९० च्या दशकात मिराज ड्राइव्ह आणला, त्यात पाय आलटून पालटून पुढे ढकलायचे आणि होडीखाली दोन पर डावीउजवीकडे हलतात, पेंग्विनच्या पंखांसारखे. दुसरी जात पंख्याची, ओल्ड टाउन, नेटिव्ह वगैरे कंपन्यांची, त्यात पेडल गोल फिरवायचे आणि उलटे फिरवले की होडी मागे येते. पंख्याला खाली दीडेक फूट तरी पाणी लागतं, परांचं तसं नाही, एक पेडल पूर्ण पुढे करून धरलं की पर होडीच्या बुडाला चिकटतात आणि उथळ पाण्यावरून सरकता येतं. टँपा बेमध्ये सगळीकडे समुद्री गवताची कुरणं आहेत, पाणी गुडघाभर, म्हणून ताईने पर असलेलीच घेतली. स्वस्त नाहीत या होड्या, नव्या घेतल्या तर दोन हजार डॉलरपासून चारपाच हजारापर्यंत जातात, आणि सगळं सामान लावून वजन शंभर पौंडापर्यंत. एकट्या माणसाला गाडीवर चढवायला जड पडतात. म्हणजे तिला सोबत हवी होती ती फक्त गप्पा मारायला नाही.

तिने सुरुवातीला जे केलं ते सगळेच करतात. व्हिडिओ दाखवले, "एकदा येऊन तर बघा, मजा येईल" हे शंभरदा म्हणाली, वाढदिवसाला भावजींना रॉड आणला. तो गॅरेजमध्ये भिंतीला टेकून राहिला. मधे एकदा मित्रमंडळींच्या ग्रुपबरोबर दोघं साध्या भाड्याच्या दोन सीटच्या कयाकमधून जाऊन आले, परत येताना वारा समोरून, भावजींचा खांदा आधीच धरलेला, पँट ओली, वर ऊन, आणि ग्रुपमधलं कोणी थांबायला तयार नाही. त्यानंतर त्यांनी विषयच बंद केला. ताईने मला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "त्यांना आवडतच नाही रे पाणी." मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलू दे, पटवायला नाही, फक्त विचारायला.

विचारलं तर कळलं की त्या एका "नको" मध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, पोहता येत नाही, खाली पडलो तर काय. दोन, खांदा. तीन, तोंडात गळ अडकलेला जीव त्यांना बघवत नाही. आणि चौथी गोष्ट त्यांनी सगळ्यात शेवटी आणि जरा थांबून सांगितली, की एकदा होडीत बसलो की परत कधी फिरायचं ते माझ्या हातात राहत नाही. माझ्या मते खरी अडचण ही चौथीच होती. पहिल्या तिघींना सामान आणि सराव पुरतो, चौथीला समोरच्या माणसाने काहीतरी सोडावं लागतं, आणि पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला आपण नेमकं हेच कधी विचारत नाही, आपण त्याला "घाबरू नकोस" म्हणतो.

पहिलीपासून सुरुवात केली. कयाक बाजूलाच ठेवली, आधी फक्त लाइफ जॅकेट आणि त्यांच्या सोसायटीचा पूल. जॅकेट फोमचंच घ्यायला लावलं. गॅसने फुगणारं जॅकेट हलकं असतं, गरम होत नाही, पण पोहता न येणाऱ्या माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये, फोमचं काही न करता तरंगवतं. पाठ उंच आणि जाळीची असलेलं कयाकसाठीचं मिळतं, सीटला टेकल्यावर ते वर सरकत नाही. पूलमध्ये भावजी नुसते पाठीवर तरंगत राहिले, हातपाय न मारता. खोल बाजूलाही. जॅकेट आपल्याला धरतं हे डोक्याला सांगून कळत नाही, अंगाला कळावं लागतं.

मग फोर्ट डी सोटो पार्क. सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला, छोट्या छोट्या बेटांना जोडून केलेलं काउंटीचं मोठं पार्क आहे, आतल्या बाजूला शांत उथळ पाणी, जवळ शौचालय, सावली (या दोन गोष्टी कोणी लिहीत नाही पण जोडीदार पुन्हा येणार की नाही हे निम्मं यावरच ठरतं). कंबरभर पाण्यात आम्ही मुद्दाम कयाक उलटी केली आणि परत चढायचा सराव केला. होडी सरळ करायची, मधोमध बाजूने दोन्ही हात पलीकडच्या काठाला, पाय मागे पाण्यावर आणून जोरात मारायचे, पोटावर आडवं वर यायचं, मग वळून बसायचं. उभं राहून चढायला गेलं की होडी पुन्हा उलटते. भावजींना ते लगेच नाही जमलं, पण जमलं तेव्हा त्यांनी स्वतःहून आणखी दोनदा करून बघितलं. उतरताचढताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, कारण तळाला पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) पडलेलं असतं, पायाची चाहूल लागली की ते बाजूला होतं, अंगावर पाय पडला तर काटा मारतं. अलिबागच्या माणसाला हे सांगायला लागत नाही, सोलापूरच्याला सांगावं लागतं.

आता होडी कुठली द्यायची. ताईचा आग्रह होता दोन सीटच्या पेडल कयाकचा, एकत्र राहू म्हणून. मी स्पष्ट नाही म्हटलं. दोघांच्या होडीत सुकाणू एका वेळी एकाच्याच हातात असतं, आणि भावजींची चौथी अडचण तिथेच पुन्हा उभी राहणार. त्यांना माझी दिली, पाठीला टेका असलेली उंच खुर्ची, बसून पाय मारायचे, खांद्याला काहीच काम नाही. ओढायला दोन चाकांची गाडी खाली लावायची आणि कारमागे छोटा ट्रेलर, उचलाउचल संपली. आरामात पाय मारले तरी ताशी तीनचार मैल होतात, त्यामुळे वाटलं तर एकटा परत किनाऱ्याला येऊ शकतो हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासात कळलं. मी त्यांना तसं करायलाच लावलं, आम्हाला सोडून एकटं जाऊन या म्हटलं, गेले, आले, चेहरा वेगळा होता.

सुरुवातीच्या फेऱ्यांना रॉड न्यायचाच नाही असं ठरलं होतं. ताईला ते जड गेलं, समोर बोय माशांचे थवे उड्या मारतायत आणि हात मोकळे. पण तिने पाळलं. नियम एवढेच, सूर्य उगवताना पाण्यात, वारा ताशी दहा मैलांच्या आत, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे थकल्यावर परत येताना वारा मागून. आणि सगळ्यात महत्त्वाचा, कोणीही "फिरूया", म्हणजे परत वळूया, म्हटलं की दोघांनी फिरायचं, का ते विचारायचं नाही, नंतर घरी गेल्यावरही टोमणा नाही.

इथे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. भावजी इंजिनियर माणूस, पाणी बघायला लागले. एकाच जागी एक दिवस पाणी तुडुंब, आठवड्याने त्याच वेळी शिंपल्यांचे खडक उघडे. ताईने त्यांना कोकणातला हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. आमच्या गावात घड्याळ नसलेली माणसंही याच्यावर होड्या काढायची. भावजींना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याच रात्री पंचांग उघडून टँपा बेसाठी लावून बघितलं, आणि ते चुकलं. वेळ चुकली तर समजू शकतो, जागा वेगळी, पण इथे काही दिवशी दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि काही दिवशी तर दिवसात एकच ठळक भरती आणि एकच ओहोटी. मग त्यांना झोप येईना.

नोआ या सरकारी संस्थेचं सेंट पीटर्सबर्गला भरतीमापक केंद्र आहे, त्याचे आकडे सगळ्यांना खुले असतात, भावजींनी ते उतरवून घेतले आणि कित्येक आठवडे त्यात घातले. जे कळलं ते मला पण माहीत नव्हतं, आणि मी इतकी वर्षं तिथे गळ टाकतोय. मुंबई-अलिबागच्या बाजूला दिवसाला दोन भरत्या येतात आणि उधाण-भांग (मोठी भरती आणि लहान भरती) मुख्यतः चंद्राच्या कलेवर चालतं, उधाणाला पाणी बारा फुटांच्या आसपास वरखाली होतं. मेक्सिकोच्या आखातात मात्र दिवसातून एकदा येणाऱ्या भरतीचा जोर जास्त, आणि तो जोर चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलाय यावर ठरतो. टँपा बेमध्ये दोन्ही मिसळतं. एकूण चढउतार दोनअडीच फुटांचाच, पण पाणीच मुळात गुडघाभर असल्याने ते दोन फूट म्हणजे सगळं काही. त्यात वारा. हिवाळ्यात थंड हवेचा पट्टा येऊन गेला की उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो आणि ओहोटी कागदावरच्यापेक्षा खोल जाते, सकाळी गवताची कुरणं उघडी पडतात, मासे उरलेल्या डबक्यांत आणि खाचांत गोळा होतात.

ताईला हे डोळ्याने कळत होतं, त्यांना आकड्याने. आणि मासा खातो तो पाणी हलत असताना, थांबलेल्या पाण्यात स्नूक सहसा तोंड उघडत नाही, ओहोटी सुटली की तिवरांमधून कोळंबी आणि बारीक मासळी खाडीच्या तोंडाशी वाहत येते आणि तो तिथे उभा असतो. भावजी आता आदल्या रात्री सांगायला लागले, "उद्या सव्वासातनंतर इथे पाणी ओढायला लागेल, त्याच्या आधी गेलीस तर उगाच." ताई म्हणते तिला तेव्हापासून जास्त मासे लागतात. असेलही, माझ्याकडे मोजणी नाही. पण आठवड्याचा बेत भावजींच्या टेबलावर ठरायला लागला होता, ताईच्या हट्टावर नाही, आणि गरवायला जायचं हे त्यांनाच आदल्या दिवशी आठवायचं.

तिसरी अडचण, जीवाची, ती सोडवायची गोष्ट नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. ताईने त्यावर वाद घातला नाही हे तिने फार मोठं केलं. त्यांनी आपल्या अटी सांगितल्या, तिने मान्य केल्या. गळाचा काटा पकडीने दाबून चपटा करायचा, म्हणजे तो पटकन सुटतो. तीन तोंडांचे गळ काढून एकतोंडी लावायचे. सोडायचा मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला रोग लागतो. खायचा तेवढाच ठेवायचा, आणि तो भावजींच्या होडीत नाही. त्यांनी फ्लोरिडाचे नियमसुद्धा तिच्यापेक्षा नीट वाचले, स्पॉटेड ट्राउट १५ ते १९ इंच, रेडफिश १८ ते २७, स्नूक तिकडच्या किनाऱ्याला २८ ते ३३ आणि तोही बंद हंगाम सोडून. स्नूकचे मोठे मासे बहुतेक मादी, म्हणून वरची मर्यादा आहे हे कळल्यावर त्यांना त्या नियमाबद्दल आदर वाटला. मोजपट्टी त्यांच्याकडे आली. मासा लागला की ते जवळ येतात, मोजतात, फोटो काढतात, आणि सोडायचं काम त्यांचंच.

लायसन्सचं एक सांगतो कारण यात बरेच जण फसतात. फ्लोरिडाच्या रहिवाशाला किनाऱ्यावरून समुद्रातले मासे धरायचं लायसन्स फुकट मिळतं, पण कयाक ही होडी धरतात, तिथे ते चालत नाही, वर्षाचं १७ डॉलरवालं लागतं. मात्र वर्षात काही दिवस विनालायसन्स ठेवलेले असतात, समुद्रासाठी जूनचा पहिला शनिवार-रविवार हे त्यातलेच. अजून मन न झालेल्या जोडीदारासाठी हे दिवस फार सोयीचे, आधीपासून कशाचीच नोंद करून बसावं लागत नाही.

पण त्या जूनच्या आधी मे महिन्यात एक सकाळ झाली, आणि माझ्या मते प्रकरण तिथे फिरलं. तिघं समुद्री गवताच्या उथळ पाण्यात होतो, समोर रेडफिशचा थवा, शेपट्या पाण्याबाहेर, असं दृश्य सीझनमध्ये फार कमी मिळतं. ताईने पहिला फेक टाकलेला. पूर्वेला जमिनीवर ढग उभे राहायला लागले होते. तिथे उन्हाळ्यात दुपारी विजांची वादळं रोजची, पण अजून दहासुद्धा वाजले नव्हते आणि मला स्वतःला अजून वेळ आहे असं वाटत होतं. भावजी म्हणाले, "फिरूया." ताईने एकदा थव्याकडे बघितलं, रील गुंडाळलं आणि होडी वळवली. एक शब्द नाही. किनाऱ्याला येऊन सामान बांधलं, घरी गेलो, आणि त्या दिवशी पाऊस आलाच नाही, संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. तरी ती काही बोलली नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. भावजींनी मला महिन्याभराने सांगितलं, "त्या दिवशी मला कळलं की ही खरंच वळते."

जूनच्या त्या मोकळ्या शनिवारी गॅरेजमधला रॉड त्यांनी स्वतः काढला. साधी रबरी कोळंबी, एकतोंडी चपटा गळ. ट्राउट लागला, मापात बसत होता, म्हणजे ठेवता आला असता, ताईने काहीच सुचवलं नाही, त्यांनी हाताने पाण्यात धरून ठेवला तो दम खाऊन निसटेपर्यंत. मग म्हणाले, "हाताला कळतं गं, तो कुठे वळतोय ते." पुढच्या आठवड्यात लायसन्स काढलं.

आज परिस्थिती अशी की भावजींनी जुनी वापरलेली पेडल कयाक स्वतः शोधून घेतली, माझी मला परत मिळाली. ते खात नाहीत आणि खाणार नाहीत, ताई कधीमधी एखादा ट्राउट घरी आणते, त्याचा तवा वेगळा आणि तो ती बाहेर परसात करते. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात ते जात नाहीत, ताई तेव्हा माझ्याबरोबर येते, एकटी जात नाही. पोहणं ते अजून शिकतायत. गेल्या वेळी अलिबागला गेले तेव्हा पंचांग घेऊन जेट्टीवर उभे राहून पाऊणपटीचा हिशोब ताडून बघत होते, आमच्या काकांना फार कौतुक.

सध्या वाद चालू आहे तो रात्रीच्या स्नूकवरून. धक्क्यांच्या दिव्याखाली उन्हाळ्यात स्नूक जमतात, ताईला जायचंय. भावजींचं म्हणणं, रात्री कयाकवर पांढरा दिवा तर हवाच, किनाऱ्याच्या पाण्यात रात्री संकटात दाखवायचे इशारादिवे पण लागतात, आणि मोटरबोटवाल्यांना आपण दिसू याची खात्री कोण देणार. त्यांनी यादी केलीय, त्यातल्या निम्म्या वस्तू आल्या आहेत, बाकीच्या आल्या की आधी पूलमध्ये अंधार करून एकदा उलटून बघायचं ठरलंय.